माझ्या अक्षरातली धोकादायक चाळ

मी बायकांचे कपडे शिवते. नगरसेविका होते तेव्हाही शिवत होते, कारण ब्लाउज लग्नाच्या आधी लागतो आणि गटार नंतर झालं तरी चालतं, अशी आमच्या गावाची सर्वसाधारण समजूत आहे.

आमचं गाव अलिबागच्या खाली, खाडीच्या तोंडाशी. चाळीतली खोली नंबर चार आमची. सज्जाकडे उघडणारी खिडकी, खिडकीशी शिलाई मशीन, मशीनशी मी. नळावर जाणारा प्रत्येक माणूस त्या खिडकीवरून जातो, आणि जाणारा प्रत्येक माणूस थांबतो. शिवाय माप द्यायला आलेली बाई खरं बोलते. दोन्ही हात वर करून उभं राहिलं की माणसाला लपवाछपवी सुचत नाही. पोलिसांनाही हे माहीत असावं. त्यामुळे कुणाच्या मोरीचं पाणी कुठे जातं, कुठल्या खांबावरचा दिवा गेलाय आणि कुठल्या मालकाने कुणाला खोली सोडायला सांगितलंय, हे सगळं नगरपालिकेच्या आधी माझ्याकडे यायचं. तक्रार आली की मी अर्ज लिहून द्यायचे. निवडून येण्याच्या कितीतरी आधीपासून.

माझं शिक्षण बारावी. पुढचं सगळं गावच्या वाचनालयात झालं. एका नावावर एकच पुस्तक मिळतं. दुसरं मी नवऱ्याच्या नावावर आणायचे. तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे आणि पाली गाडीच्या गिअरबॉक्सपलीकडे त्याने काही वाचलेलं नाही, पण वाचनालयाच्या नोंदीत तो गावातला अव्वल वाचक आहे. वाचनाचे फायदे सगळे सांगतात. मला एक तोटा झाला. साधं लिहिता येईना.

अगदी पहिला अर्ज मात्र साधा होता. "चाळीमागचं गटार तुंबलं आहे, कृपया साफ करावं." तीन महिने कुणी फिरकलं नाही. दुसरा अर्ज लिहिला तेव्हा मी वैतागले होते, त्यामुळे हात सैल सुटला. "सदर गटाराच्या पाण्यामुळे आमच्या चाळीचा पाया दिवसेंदिवस खचत असून कोणत्याही क्षणी इमारत कोसळून भीषण जीवितहानी होण्याची दाट शक्यता आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं आणि एक हातगाडी हजर. आवकजावक खिडकीवरच्या क्लार्कने नंतर मला शास्त्र समजावलं.

"ताई, जीवितहानी असली की फाईल वर ठेवावी लागते. उद्या काही झालं तर आमच्या गळ्याशी येतं. नुसत्या डासांना कोण विचारतं?"

एवढं कळल्यावर मी मागे पाहिलं नाही. रस्त्यावरचा दिवा गेला की अंधारात कुणीतरी सज्जाच्या कुजक्या फळीवरून पडून जीवितहानी. कुत्री वाढली की त्यांच्या धावपळीने सज्जा हलून जीवितहानी. पाण्याचा दाब कमी झाला तेव्हा जरा अडचण होती, पण मी मार्ग काढला: बायका हंडे घेऊन एकाच ठिकाणी उभ्या राहतात, त्या भाराने जोत्याला तडे जातात. चाळीत शेवटच्या खोलीत बेकरीवर काम करणारे एक चाचा राहतात. ते एकदा पाव द्यायला आले नि म्हणाले, "बाजी, तुम्ही दर महिन्याला चाळ पाडता. माशाल्ला, अजून उभी हाय."

मग आमचा प्रभाग बायकांसाठी राखीव झाला. एका पक्षाला तिथे हरण्यासाठी एक बाई हवी होती, आणि मला अर्ज लिहिण्यासाठी एक बरी खुर्ची हवी होती. प्रभागातली निम्मी माणसं भाड्याने राहणारी: चाळीत, वाडीतल्या मागच्या खोल्यांत, कुणाच्या पडवीत. मी घरोघरी एकच गोष्ट सांगत फिरले. भाडेकरूचं ऐकून घेतल्याशिवाय त्याचं सामान कुणी रस्त्यावर ठेवायचं नाही. बाकी उमेदवार गावाचं सिंगापूर करणार होते. मी निवडून आले, आणि पक्षाने ही गोष्ट मोठ्या मनाने मला माफ केली.

पहिल्या सभेला नवरा मला सोडायला आला होता. शिपायाने त्याला अदबीने आत नेऊन माझ्या खुर्चीवर बसवलं आणि मला भिंतीकडच्या बाकावर जागा दाखवली. नवरा दोन मिनिटं बसला. मग उठून म्हणाला, "मी ड्रायव्हरसुद्धा नाही हो, मेकॅनिक आहे," आणि डेपोत निघून गेला.

सत्कारांचा हंगाम सुरू झाला. आमच्याकडे नारळ झाडावरून फुकट डोक्यात पडतो, तरी माणसं तो विकत आणून, शालीत गुंडाळून एकमेकांना देतात. कोकणातल्या उकाड्यात शाल पांघरून हसत उभं राहणं हीच लोकप्रतिनिधीची पहिली परीक्षा असावी. शाली साचल्या तेव्हा मी त्यांचं मशीनवरचं आच्छादन, इस्त्रीखालची घडी आणि चाचांच्या नातवाचं दुपटं शिवलं. उद्घाटनांचं म्हणाल, तर जेट्टीवरच्या सार्वजनिक शौचालयाच्या उद्घाटनाला फुलांनी सजवलेल्या ताटात चकचकीत कात्री आली. प्रमुख पाहुण्यांनी फीत धरली, फोटोसाठी चेहरा केला आणि कात्री चालवली. फीत नुसती दुमडली. पुन्हा दुमडली. मागे जी माणसं उभी होती त्यातल्या दोघातिघांना आत जाण्याची खरोखर घाई होती. शेवटी मी पिशवीतून माझी कात्री काढून पुढे केली. पाहुण्यांनी ती फोटोत दिसू नये अशा बेताने धरली, पण फीत कापली तिनेच.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि एका सकाळी आमच्याच चाळीच्या खांबावर नोटीस लागली.

चाळ अकरा खोल्यांची. जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे लाकडी सज्जा. मालकाच्या आजोबांनी आपल्या नारळी-पोफळीच्या वाडीच्या कडेला ती बांधली, बंदरावर कामाला येणाऱ्यांसाठी. बंदर गेलं, माणसं राहिली. आमच्याकडे एक रीत होती: वैशाखात सगळ्या खोल्यांनी मिळून छप्पर शाकारायचं. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, पुन्हा लावायची. मालकाने कौलं पुरवायची आणि भाडेकरूंनी हात. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. तीन वर्षांपूर्वी मालकांकडून कौलं येणं बंद झालं, तेव्हाच आम्ही समजायला हवं होतं.

नोटीस मी मोठ्याने वाचून दाखवली. इमारत धोकादायक झाली आहे. रहिवाशांनी पंधरा दिवसांत ती रिकामी करावी. नंतर ती पाडण्यात येईल.

"आनि मंग?" मासे विकणाऱ्या मावशीने विचारलं. ती खोली नंबर एकमध्ये राहते आणि तिच्या आवाजावर अर्धा बाजार चालतो.

"मग कायद्याने आपला हक्क राहतो. नवीन बांधतील तेव्हा जागा द्यायची असते."

"मागल्या आळीतल्यांना भेटली?"

मागल्या आळीतली चाळ सहा वर्षांपूर्वी पाडली होती. तिथे आता निळ्या पाण्याचा हौद आहे आणि कडेने मुंबईहून रो-रो बोटीने आलेली माणसं पाय सोडून बसतात. तिथल्या भाडेकरूंचा हक्क अजून शाबूत आहे. पण कागदावरचा हक्क पावसात डोक्यावर धरता येत नाही. आमच्या अकरा घरांपैकी नऊ घरांना गावात दुसरीकडे कुठे जायला जागा नव्हती. गावात आता खोल्या भाड्याने मिळत नाहीत, कॉटेज मिळतात.

मी ताडताड नगरपालिकेत गेले. नगरसेविका असण्याचा एक फायदा असतो, फाईल मागितली की जेवणाची सुट्टी संपेपर्यंतच थांबावं लागतं. चाळ धोकादायक ठरवली कुणी, कधी पाहिली, कुठल्या आधारावर, हे सगळं मी तिथल्या अभियंत्यांना विचारणार होते. वाक्यं तयार होती. फाईल आली, मी उघडली, आणि खाली बसले.

आत चौदा अर्ज होते. चौदाही माझ्या अक्षरात. पाया खचतोय, सज्जा हलतोय, जोत्याला तडे, छत कोणत्याही क्षणी, भीषण, दाट शक्यता. त्यांच्यावर एका पानाचा अहवाल. "रहिवाशांच्या वारंवार प्राप्त तक्रारींवरून सदर इमारत अत्यंत धोकादायक असल्याचे स्पष्ट होते." अभियंते जागेवर आलेच नव्हते. कशाला येतील? इतकं सविस्तर वर्णन घरबसल्या मिळाल्यावर मीही गेले नसते. मालकांच्या वकिलाने फक्त हे चौदा कागद शोधून एकत्र बांधून दिले होते.

संध्याकाळी अंगणात सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं. सांगितलं म्हणजे पहिल्यांदा विषयाच्या भोवती दोन फेऱ्या मारल्या, मग सांगितलं.

खोली नंबर सातमधले काका दिघी-आगरदांडा फेरीवर गाड्या चढवण्या-उतरवण्याच्या कामाला होते. निवृत्त झाले तरी अजून उभे राहतात ते पाय फाकवून, बोटीवर उभे असल्यासारखे. ते म्हणाले, "मी तीस वर्षं बोटीवर काढली गो. 'बुडतोय' हा शब्द आम्ही मस्करीतसुद्धा काढला नाही कधी."

"काका, गटार साफ होत नव्हतं."

"आता गटारासकट साफ होईल."

मावशी टोपली उपडी घालून बसली होती. तिला हसू येत होतं की राग, ते तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. "येवढी पुस्तकं वाचतंस बाय, आनि लिवलंस काय, तर आपलीच चाळ पडली. तू लिवलंस ना? तूच पूस आता."

चाचा म्हणाले, "एक बात हाय. बाजींच्या अर्जात दम होता. साहेब लोकांना पटला."

हे कौतुक मी मुकाट्याने घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर काका शिडीवर, चाचा खाली बादली धरून, आणि दोघं मिळून भिंतीच्या भेगांत चुना भरतायत. साहेब आले तर भेगा दिसायला नकोत, असा बेत. मी दोघांना खाली उतरवलं. एक खोटं माझं झालं होतंच, त्यावर दुसरं थापायचं नव्हतं. "जे आहे ते दिसू द्या," मी म्हटलं. काका उतरता उतरता पुटपुटले, "हिला आत्ता सुचलं."

नगरपालिकेत नोटिशीवर हरकत नोंदवली, तिची सुनावणी लागली, आणि मग मी मालकांकडे गेले. मालक म्हणजे आमचे सर. हायस्कुलात मला तीन वर्षं मराठी त्यांनी शिकवलं. वाडीतल्या घराच्या ओटीवर आरामखुर्चीत बसले होते, समोर सुपाऱ्या वाळत होत्या. मी नगरसेविका झाले तेव्हा गावात एकट्या सरांनी मला शाल दिली नव्हती. शब्दकोश दिला होता. त्यांच्यासमोर मी अजून खुर्चीच्या पुढच्या चार बोटांवरच बसते.

"सर, नोटीस लागलीय."

"हं."

"माझे अर्ज लावलेत तिला."

"वाचले मी. वकिलाने दाखवले." त्यांनी चष्मा पुसला. "पकड आहे वाक्यांना. पण 'दाट शक्यता' फार वेळा आलीय. चौदा कागदांत चौदा वेळा."

"सर, अकरा घरं आहेत."

त्यांनी पुढे वाकून एक सुपारी उलटून ठेवली. त्यांचा मुलगा मुंबईला असतो. त्याला चाळीच्या जागी चार कॉटेज आणि दोन माडांमध्ये झोळी बांधायची होती. ती झोळी पाहुण्यांना आवडते म्हणे. सर म्हणाले, "मला ब्याऐंशी झाली. कागदपत्रं तोच बघतो. मी ठरवलंय, की आपण त्यात पडायचं नाही. सुनावणी होईल तिथे वकील बोलतील."

"आणि तुम्ही?"

"मी बसेन."

आतून त्यांच्या पत्नीने कोकम सरबत आणून दिलं आणि माझ्या हातात ठेवताना हळूच म्हणाल्या, "माझे दोन ब्लाउज तुझ्याकडे आहेत, ते काही सामानात बांधू नकोस हं." त्यांना धीर द्यायचा होता की आठवण करायची होती, ते मला अजून कळलेलं नाही.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. मुख्याधिकारी मॅडम विदर्भातून नव्याने आलेल्या, तरुण, आणि आमच्या दमट हवेने कावलेल्या. एका बाजूला वकील आणि सर. दुसऱ्या बाजूला आमची चाळ. मावशी त्या दिवशी बाजारात न बसता नवी साडी नेसून आली होती, त्यामुळे ती जास्तच गंभीर दिसत होती. मागे दोन विरोधी नगरसेवक आणि मोबाईलवर बातम्या देणारा एक वार्ताहर.

वकिलांनी आधी हरकत घेतली, की नगरसेविका स्वतःच भाडेकरू आहेत. मी म्हटलं, "म्हणूनच मी आज खोली नंबर चारमधून आलेय, प्रभागातून नाही." मॅडमनी मान हलवली आणि पुढे चालू करायला सांगितलं.

मग वकिलांनी चौदा अर्ज एकामागून एक वाचले. माझं लेखन इतक्या मोठ्या आवाजात आणि इतक्या लक्षपूर्वक याआधी कुणी वाचलं नव्हतं. दुर्दैवाने त्यांना विरामचिन्हं दिसत नव्हती. सहाव्या अर्जाला चाचा खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. नवव्याला मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. संपल्यावर वकील म्हणाले, "रहिवासी स्वतः जिवाच्या भीतीने लिहीत आहेत. माझे अशील केवळ माणुसकीच्या भूमिकेतून—"

"हे तुम्ही लिहिलंय?" मॅडमनी मला विचारलं.

आता दोन वाटा होत्या. तेव्हा धोका होता, आता दुरुस्ती झालीय, असं काहीतरी गोलमोल सांगता आलं असतं. मागचे विरोधी नगरसेवक त्याचीच वाट बघत असावेत, कारण पुढची निवडणूक त्यांना दिसत होती. मला खांबावरची नोटीस दिसत होती.

"मीच लिहिलंय," मी म्हटलं. "आणि ते खरं नाही."

"म्हणजे आपण प्रशासनाची दिशाभूल केलीत?" वकील.

"हो. गटार साफ व्हावं म्हणून." मी पिशवी उघडली. रात्रंदिवस नगरपालिकेला अर्ज लिहिलेल्या बाईकडे पोचपावत्या असतात. "मॅडम, मी फक्त चाळच पाडलेली नाही. हा जेट्टीवरच्या बाकाबद्दल: बाक मोडून जीवितहानी. हा एसटीच्या शेडबद्दल. हा स्मशानातल्या शेडबद्दल: शेड कोसळून जीवितहानी."

"स्मशानात?" मॅडम म्हणाल्या.

"तेव्हा सुचलं नाही. आणि हा या सभागृहाबद्दल. डोक्यावरचा पंखा सन्माननीय सदस्यांवर पडून कोणत्याही क्षणी. अर्जावरून इमारती पाडायच्या असतील तर माझी हरकत नाही, पण क्रमाने घ्या. हा अर्ज चाळीच्या नोटिशीआधीचा आहे."

मॅडमनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. वकिलांनी खुर्ची जराशी मागे घेतली, आणि माझी खात्री आहे की ती अजाणता घेतली. मावशी पदरात हसली.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझी दोन मिनिटं चांगली हजेरी घेतली. लोकप्रतिनिधीने असं लिहिणं शोभत नाही, यामुळे खरा धोका असलेला माणूस मागे राहतो, वगैरे. ते सगळं बरोबर होतं. मी उभी राहून ऐकलं. मग त्या सरांकडे वळल्या.

"आपण मालक. आपण चाळीत शेवटचं कधी गेला होतात?"

"गणपतीत. दरवर्षी जातो."

"आपल्याला ती पडेल असं वाटतं?"

वकील पटकन म्हणाले, "सर, तुम्ही उत्तर द्यायची गरज नाही."

सरांनी चष्मा काढला. वर्गात ते असं करायचे तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबायची. "ही आठवीत होती तेव्हा शाळेची सहल गेली होती, होडीतून," ते म्हणाले. "सगळे सुखरूप परतले. हिने निबंधात होडी बुडवली. वर्गातली दोन मुलंसुद्धा बुडवली, नावानिशी. त्यांच्या आया माझ्याकडे आल्या होत्या." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ठेवला. "चाळीचं विचाराल, तर पश्चिमेचे वासे वाळवीने खाल्लेत आणि सज्जाचे खांब बदलायला हवेत. तेवढं मला अंगणातूनही दिसतं. भिंती जांभ्याच्या आहेत. त्या मला पुरून उरतील, आणि माझ्या मुलालाही."

वकिलांनी फाईल मिटली. आवाज न करता मिटली, एवढं त्यांचं सौजन्य.

मॅडमनी दुसऱ्याच दिवशी जागेची प्रत्यक्ष पाहणी ठेवली आणि स्वतः आल्या. अभियंते माळ्यावर चढले, हातोडीने भिंती ठोकल्या, वाशांत पेचकस खुपसून पाहिला. खाली आले तेव्हा डोक्यावर जळमटं आणि चेहऱ्यावर नाराजी होती. वासे सात, खांब तीन, सज्जाच्या फळ्या आणि कौलं. दुरुस्तीयोग्य. आठवड्याने लेखी आदेश आला: नोटीस मागे, दुरुस्ती मालकांनी करावी, त्या काळात कुणालाही घराबाहेर काढू नये. नोटीस खांबावरून काढायचा मान आम्ही काकांना दिला. तिच्याखालचा खांबच बदलायचा होता, तरी त्यांनी ती नखाने हळूहळू, न फाडता काढली.

किंमत मलाही मोजावी लागली. मोबाईलवर बातमी फिरली, "नगरसेविकेची धक्कादायक कबुली". पुढचे काही दिवस प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, माप खरं घेतलंयस ना, की शक्यता आहे?" आवकजावक खिडकीवरचा क्लार्क माझा अर्ज आता वाचण्याआधी दोन्ही बाजूंनी बघतो. पक्षाने मला समज दिली आणि पुढच्या वेळी तिकीट दिलं नाही. त्यांना आता जिंकणारी बाई हवी होती.

सरांना मी नंतर एकदा विचारलं, की वकील असताना तुम्ही मध्ये का बोललात. मुलगा महिनाभर घरी फोन करत नव्हता, हे मला ब्लाउज न्यायला आलेल्या त्यांच्या पत्नीकडून कळलं होतं. सर म्हणाले, "तो तुझं फार वाईट वाचत होता."

वैशाखात सुतार आला, वासे बसले, आणि शाकारणीचा दिवस ठरला. कौलं सरांनी पाठवली, बैलगाडीइतक्या आवाजाच्या एका टेम्पोतून. सकाळपासून अकराही खोल्यांची माणसं कामाला. काका वर, आढ्यावर, बोटीच्या टपावर बसल्यासारखे. चाचा मधल्या फळीवर. खाली बायकांची रांग, कौल या हातातून त्या हातात. नवऱ्याने डेपोतून रजा घेतली होती आणि प्रत्येक नव्या खिळ्याला ग्रीस लावावं असा आग्रह धरला होता. तो कुणी मानला नाही.

उन्हं कलली तेव्हा सर छत्री घेऊन आले. मावशीने अंगणात खुर्ची ठेवली. ते बसले आणि लगेच वर बघून सूचना द्यायला लागले: ती ओळ वाकडी जातेय, पन्हाळ्याशी एक कौल उलटं आहे.

"सर, तुमी वर येता काय?" आढ्यावरून काका.

"मी इथूनच दुरुस्त करतो. आयुष्यभर तेच केलंय."

शेवटची ओळ बसली. काका खाली उतरले, सगळे अंगणात मान वर करून उभे राहिले. लाल कौलांत नवी कौलं जरा जास्तच लाल दिसत होती. सर म्हणाले, "झालं. आता वीस वर्षं बघायला नको."

"वीस वर्सं?" मावशी म्हणाली. "तवर तुमी ऱ्हाल का, सर?"

"मी कशाला? तुम्ही राहाल ना," सर म्हणाले, आणि चहा मागितला.

बिनसाखरेचा, असंही त्यांनी सांगितलं. मावशीने तो कपभर साखर घालून केला, आणि सरांनी तो संपेपर्यंत एक शब्दही काढला नाही.